सर्वोच्च न्यायालयातील कॅमेरा : आमचीही तारीख दिसू द्या



रेल्वे कामगाराच्या खिशात पास असतो. त्या पासावर तो कन्याकुमारीपासून जम्मूपर्यंत जाऊ शकतो. पोस्टातल्या आमच्या भावाजवळ पास नसतो, पण त्याच्या हातून गेलेले पत्र देशातल्या कोणत्याही खेड्यात पोचते. परंतु दिल्लीत टिळक मार्गावर सर्वोच्च न्यायालयाची जी इमारत आहे तिच्या दारात रेल्वेचा पासही चालत नाही आणि पोस्टमनचा गणवेशही चालत नाही. तिथे वेगळा पास लागतो. तो मिळाला तरी दालनात उभे राहण्यापुरती जागा मिळेलच याची खात्री नसते. बोट क्लबच्या मोर्चांना गेलेल्या आमच्या जुन्या सभासदांनी ती इमारत बाहेरून पाहिली. आत जाऊन आले असे किती निघतील? आणि आमची नोकरी, आमचे पेन्शन, आमचा संपाचा हक्क हे सारे तर त्या इमारतीच्या आतच ठरत आले आहे.

म्हणून त्या दालनात कॅमेरा असावा की नसावा हा प्रश्न केवळ वकिलांचा आणि वर्तमानपत्रवाल्यांचा आहे असे आम्ही मानत नाही. तो आपला आहे. तो आपला कसा, हे सांगण्यासाठी एक जुनी हकिगत सांगणे भाग आहे. ती सांगताना आम्हाला अभिमान वाटत नाही.

एका सचिवाची गोष्ट

१९९३ साल. आम्ही तेव्हा खलाशी म्हणून नुकतेच लागलो होतो. आमच्या सेक्शनवर चाळीसएक कॅज्युअल लेबर वर्षानुवर्षे रुळावर राबत होते. कायम करावे म्हणून ते केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे आपण ज्याला कॅट म्हणतो तिथे गेले आणि जिंकले. प्रशासन स्वस्थ बसले नाही. त्या काळी कॅटच्या निकालावर अपील थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात जात असे. मधला हायकोर्टाचा टप्पा १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालानंतर आला. तेव्हा आमच्या मजुरांचे प्रकरणही दिल्लीला गेले.

शाखेने दर माणशी वीस-वीस रुपये वर्गणी काढली. शाखेचे त्या वेळचे सचिव स्वतःच्या पासावर, स्वतःची रजा टाकून दिल्लीला जात. पहिल्यांदा परत आले, म्हणाले, "तारीख पडली." दुसऱ्यांदा आले, "नंबर लागला नाही, तारीख पडली." तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा ते स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीशी उतरले तेव्हा कोणीतरी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "सेक्रेटरी दिल्ली फिरून आले वाटतं!" सगळे हसले. आम्हीही तिथे होतो. आम्ही हसलो नाही, पण बोललोही नाही.

त्या माणसाने पुढच्या सभेत हिशेबाची वही टेबलावर ठेवली, पै-पैचा जमाखर्च वाचून दाखवला आणि राजीनामा दिला. पुढे वर्ष-सव्वा वर्षाने दिल्लीहून दोन ओळींचा आदेश आला. प्रशासनाचा अर्ज फेटाळला गेला होता. मजूर कायम झाले, पेढे वाटले गेले. सचिव तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. प्रकरण आपण जिंकलो, माणूस मात्र गमावला.

आज विचार करतो तेव्हा वाटते, त्या चार दिवसांत दिल्लीच्या दालनात काय चालले होते हे चाळीस मजुरांना पाहता आले असते, तर तो टोमणा कोणाच्या तोंडून निघाला नसता. सकाळी साडेदहापासून कोट घातलेल्या वकिलांच्या गर्दीत मागे भिंतीला टेकून उभा असलेला आपला सचिव त्यांना दिसला नसता कदाचित. परंतु नंबर खरोखरच लागला नाही, वकिलाने खरोखरच तारीख मागितली नाही, ती समोरच्याने मागितली, एवढे तरी दिसले असते. पोस्टात पोचपावतीला जे महत्त्व आहे तेच कोर्टकचेरीत या दिसण्याला आहे. पत्र पोचले की नाही हे पाठवणाऱ्याला कळण्याचा हक्क आहे.

कॅमेरा आला कसा

न्याय उघड्यावर झाला पाहिजे हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल खुल्या न्यायालयातच दिला जाईल असे घटनेच्या १४५ व्या कलमात लिहिले आहे. १९६६ साली मुंबईतल्या एका खटल्यावरून नऊ न्यायमूर्तींपुढे हा प्रश्न गेला. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी एका साक्षीदाराची साक्ष छापू नये असे सांगितले होते आणि नरेश मिरजकर व इतर वार्ताहरांनी त्याला आव्हान दिले होते. सरन्यायाधीश होते प्र. बा. गजेंद्रगडकर, ज्यांचे नाव कामगार कायद्याच्या निकालांसाठी आजही घेतले जाते. वार्ताहर ते प्रकरण हरले, कारण न्यायासाठी आवश्यक असेल तेव्हा अशी मनाई करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे असे ठरले. परंतु खुले न्यायालय हा नियम आणि बंद दार हा अपवाद, हेही त्याच निकालाने पक्के केले.

मात्र दार उघडे असणे आणि आत जाता येणे यात फरक आहे. स्वप्निल त्रिपाठी या कायद्याच्या विद्यार्थ्याला तो फरक कळला. नव्या प्रकरणांच्या सुनावणीच्या दिवशी, म्हणजे सोमवारी आणि शुक्रवारी, गर्दीमुळे शिकाऊ विद्यार्थ्यांना दालनात सोडत नसत. तो न्यायालयातच गेला आणि म्हणाला, जागा नाही तर निदान बाहेर बसून पाहू द्या. ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनीही अर्ज केला. याच जयसिंग बाईंनी मुंबईच्या फुटपाथवासीयांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडली होती. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला की थेट प्रक्षेपण व्हावे. पहिल्या टप्प्यात घटनात्मक व राष्ट्रीय महत्त्वाची प्रकरणे दाखवावीत. कौटुंबिक वाद, लैंगिक अत्याचाराची प्रकरणे, मुलांची प्रकरणे यांना वगळावे. चित्रणाचा मालकी हक्क न्यायालयाकडे राहील.

निकाल लागला तरी अंमल व्हायला चार वर्षे गेली. मधल्या काळात करोनाची साथ आली, न्यायालये पडद्यावर भरू लागली आणि गुजरात हायकोर्टाने २०२० साली पुढाकार घेऊन प्रक्षेपण सुरू केले. सर्वोच्च न्यायालयात २६ ऑगस्ट २०२२ रोजी सरन्यायाधीश रमणा यांच्या निवृत्तीच्या दिवशी औपचारिक कामकाज दाखवले गेले. खरी सुरुवात सरन्यायाधीश उदय लळित यांच्या काळात, २७ सप्टेंबर २०२२ रोजी झाली. त्या दिवशी एका दालनात आर्थिक दुर्बल घटकांच्या दहा टक्के आरक्षणाची आणि दुसऱ्यात शिवसेनेच्या वादाची सुनावणी होती. महाराष्ट्रात त्या दिवशी युनियनच्या ऑफिसांत, रनिंग रूममध्ये, पोस्टाच्या सॉर्टिंग हॉलमध्ये मोबाईलभोवती घोळके जमले होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणाची बाजू बरोबर हा आमचा विषय नाही. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी पाहिले की न्यायमूर्ती वकिलाला मध्येच थांबवतात, प्रश्न विचारतात, पान उलटतात, आणि तेही आपल्यासारखेच दुपारी जेवायला उठतात.

जगात याबाबत एकमत नाही. ब्राझीलमध्ये २००२ पासून न्यायालयाची स्वतःची दूरचित्रवाहिनी आहे. ब्रिटनमध्ये १९२५ च्या कायद्याने कोर्टात छायाचित्र काढणे हा गुन्हा होता, पण २००९ साली नवे सर्वोच्च न्यायालय उघडले तेव्हा त्यात कॅमेऱ्याची सोय ठेवली गेली. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय मात्र अजून कॅमेऱ्याला दार उघडत नाही. २०२० च्या मे महिन्यापासून तिथे केवळ आवाज थेट ऐकू येतो. म्हणजे या एका बाबतीत आपला देश अमेरिकेच्या पुढे आहे, आणि ते सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आमचे निकाल, आमच्या पाठीमागे

आता आपल्या घरचे पाहू. १७ डिसेंबर १९८२ चा नकारा निकाल कोणत्या पेन्शनराला ठाऊक नाही? पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे, हे त्या दिवशी पाच न्यायमूर्तींनी सांगितले. पीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड. त्यांच्याच चिरंजीवांनी पुढे २०१८ मध्ये कॅमेऱ्याच्या बाजूने निकाल लिहिला. १७ डिसेंबर आपण पेन्शनर दिन म्हणून पाळतो. पण सरकारच्या वकिलाने त्या वेळी पेन्शनरांच्या विरोधात काय युक्तिवाद केला, न्यायमूर्तींनी त्याला काय विचारले, हे आपल्यापैकी कोणी ऐकले नाही. ते ऐकायला मिळाले असते तर आजच्या तरुण कामगाराला पेन्शनचा हक्क म्हणजे काय हे समजवायला आम्हाला दहा सभा घ्याव्या लागल्या नसत्या.

१९८५ साली इंदरपाल यादव प्रकरणात रेल्वेच्या प्रकल्पांवरील कॅज्युअल लेबरना टप्प्याटप्प्याने सामावून घेण्याची योजना सर्वोच्च न्यायालयाने सुधारून लागू केली. हजारो घरांत त्यामुळे चूल नीट पेटली. त्या घरांपैकी किती जणांना आपल्या बाजूने कोण बोलले ते माहीत आहे?

पोस्टातील बंधूंची गोष्ट तर याहून वेगळी. १९७७ साली राजम्मा प्रकरणात न्यायालयाने सांगितले की एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट हे नागरी पद धारण करतात. १९९६ साली दोन न्यायमूर्तींनी सांगितले की पोस्ट खाते हा 'उद्योग' नाही. म्हणजे औद्योगिक विवाद कायद्याचे दार बंद. १९९७ साली तीन न्यायमूर्तींनी तो निकाल चुकीचा ठरवला, कारण १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायमूर्तींनी 'उद्योग' शब्दाची व्यापक व्याख्या आधीच केलेली होती. पुढे त्या व्याख्येवरही शंका घेण्यात आली आणि २०१७ साली प्रश्न नऊ न्यायमूर्तींकडे सोपवला गेला. एका शब्दाचा अर्थ काय, यावर लाखो कामगारांचे संरक्षण इतकी वर्षे हिंदकळत राहिले. आणि ज्यांचे संरक्षण, त्यांना त्याचा पत्ता कधी लागला? निकाल छापून आल्यावर, तोही कोणी सांगितला तर.

आणि ६ ऑगस्ट २००३ विसरून कसे चालेल? तमिळनाडूत संपावर गेलेल्या सुमारे एक लाख सत्तर हजार सरकारी कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कामावरून काढले होते. त्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत किंवा कायदेशीर तर नाहीच, पण नैतिक हक्कही नाही. १९७४ चा संप ज्यांनी भोगला, तुरुंग पाहिला, नोकऱ्या घालवल्या, त्यांनी हे वाक्य दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले. आमच्या शाखेत त्या दिवशी एक निवृत्त ड्रायव्हर एवढेच म्हणाला, "आपल्या बाजूने कोणी बोललं का नाही तिथं?" त्याला द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते. बोलले असणारच. पण आम्ही पाहिले नव्हते.

बंधूंनो, कोर्टाचे दालन आणि कामगार यांच्यातले अंतर हे कधी कधी मुद्दामही वाढवले गेले आहे. १९२९ च्या मार्चमध्ये मुंबईचे कामगार पुढारी पकडले गेले, त्यांत जी.आय.पी. रेल्वेच्या युनियनचे के. एन. जोगळेकरही होते. खटला मुंबईला न चालवता मेरठला चालवला. मेरठला ज्युरी नव्हती, आणि गिरणीतला किंवा परळच्या रेल्वे वर्कशॉपमधला कामगार तिथे जाऊन बसूही शकत नव्हता. निकाल लागायला १९३३ उजाडले. ब्रिटिश सरकारला ठाऊक होते की ज्याचा खटला त्याची माणसे समोर बसली की कोर्टाची हवा वेगळी असते. आज कॅमेरा ते अंतर पुसू शकतो.

आक्षेप खोटे नाहीत

कॅमेऱ्याला विरोध करणारे सगळेच न्यायाचे शत्रू आहेत असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे.

ते म्हणतात, कॅमेरा लागला की वकील न्यायमूर्तींकडे पाहून बोलत नाहीत, जनतेकडे पाहून बोलतात. हे खरे आहे. युनियनच्या सभेत फोटोग्राफर आला की आमचे काही वक्तेही जरा ताठ होतात. ते म्हणतात, लोक अर्धवट तुकडे काढून फिरवतात. हेही खरे आहे. २०२४ च्या सप्टेंबरात कर्नाटक हायकोर्टातील एका न्यायमूर्तींच्या अनुचित शेऱ्यांचे तुकडे देशभर फिरले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी स्वतःहून दखल घेतली. त्या न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केला आणि प्रकरण मिटले. मात्र त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटले त्याचा मथितार्थ लक्षात ठेवण्यासारखा आहे. उजेडात काही वाईट दिसले तर उत्तर म्हणून दिवा विझवायचा नसतो, आणखी उजेड करायचा असतो. शिवाय विचारा, कॅमेरा नसता तर ते शेरे झालेच नसते का? झाले असते. फक्त समोर उभ्या असलेल्या पक्षकाराने ते गिळले असते.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. त्याच महिन्यात कोलकात्याच्या तरुण डॉक्टर महिलेच्या हत्येच्या प्रकरणात राज्य सरकारच्या वकिलांनी प्रक्षेपण थांबवण्याची विनंती केली. त्यांच्या कार्यालयातील महिला वकिलांना धमक्या येत होत्या. न्यायालयाने प्रक्षेपण थांबवले नाही, कारण प्रकरण लोकहिताचे होते, पण धमक्यांची दखल घेण्याचे आश्वासन दिले. आम्हाला हा आक्षेप हलका वाटत नाही. वकील कोणाचीही बाजू मांडो, त्याला किंवा तिला धमकावणे हे न्यायाच्या मुळावर घाव घालणे आहे. चार्जशीट मिळालेल्या कामगाराच्या बाजूने खातेनिहाय चौकशीत बचाव सहायक म्हणून जे उभे राहतात, त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. जो बाजू मांडतो तोच गुन्हेगार, असे वरच्या साहेबाने मानले की काय होते ते त्यांनी भोगले आहे. तेव्हा कॅमेऱ्यासोबत वकिलांचे संरक्षण आलेच पाहिजे, आणि साक्षीदार, स्त्रिया व मुले यांच्या प्रकरणांत दार बंद राहिलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट आपल्याच सभासदांना सांगायची आहे. न्यायमूर्ती सुनावणीत जे बोलतात तो निकाल नव्हे. ते वकिलाची परीक्षा घेत असतात. सकाळी एखादा प्रश्न ऐकून "जिंकलो रे" म्हणून गुलाल उधळायचा आणि दुपारी दुसरा प्रश्न ऐकून "विकले गेले" म्हणायचे, हे दोन्ही पोरकट आहे. प्रकरणाचा मोठा भाग कागदावर असतो आणि कॅमेऱ्याला फाईल दिसत नाही. खरा असतो तो सही झालेला आदेश.

जी.एम. साहेबांची पाहणी

मग आमचे म्हणणे काय? आमचे म्हणणे असे की कॅमेरा आला हे चांगले झाले, पण तो अजून आमच्यापर्यंत आलेला नाही.

जनरल मॅनेजरांची वार्षिक पाहणी असली की स्टेशनला चुना लागतो, कुंड्या येतात, गँगला नवे जॅकेट मिळते. स्पेशल गाडी निघून गेली की कुंड्या परत जातात. पाहणीत दिसते ते स्टेशन खोटे नसते, पण रोजचेही नसते. घटनापीठाचे प्रक्षेपण हे काहीसे तसे आहे. पाच-सात न्यायमूर्ती, देशातले नामवंत वकील, दिवसच्या दिवस युक्तिवाद. ३७० व्या कलमाची सुनावणी २०२३ साली सोळा दिवस चालली आणि लोकांनी ती पाहिली. ते पाहायला मिळालेच पाहिजे. पण कामगाराचे प्रकरण असे चालत नाही. ते दोन न्यायमूर्तींपुढे, साठ-सत्तर प्रकरणांच्या यादीत, दोन-तीन मिनिटांत येते आणि जाते. त्या तीन मिनिटांत कोणाची बदली रद्द होते, कोणाच्या विधवेची अनुकंपा नोकरी जाते, कोणाची पंचवीस वर्षांची हंगामी सेवा मोजली जाते किंवा पुसली जाते. आमच्या १९९३ च्या चाळीस मजुरांचे प्रकरण असेच होते. ते घटनात्मक महत्त्वाचे नव्हते. ते फक्त चाळीस घरांच्या महत्त्वाचे होते.

दुसरी उणीव भाषेची. घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. २१ फेब्रुवारी २०२३ पासून घटनापीठाच्या सुनावणीचे शब्द पडद्यावर उमटू लागले, तेही इंग्रजीत. निकालांचे भारतीय भाषांत भाषांतर २०१९ पासून प्रसिद्ध होऊ लागले, त्यात मराठीही आहे, आणि त्याबद्दल न्यायालयाचे आभार मानले पाहिजेत. मात्र सुनावणी पाहणाऱ्या ट्रॅकमनला "माय लॉर्ड" याच्यापुढे काय कळणार? आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलो, इंग्रजी सर्क्युलर वाचून सभासदांना समजावतो, तरी वकिलांचे इंग्रजी अर्धे डोक्यावरून जाते. इटारसीचा, सिकंदराबादचा, हुबळीचा मराठी कामगार असो की त्याच्या शेजारचा तेलुगू किंवा कन्नड भाऊ असो, सर्वांची अडचण एकच. दिसते, पण कळत नाही. काचेच्या खिडकीतून शेजाऱ्याचे भांडण पाहावे तशी गत.

आमच्या मागण्या

आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्या कोणाला परवडणार नाहीत अशा नाहीत.

पहिली, ज्या प्रकरणाच्या निकालाने मोठ्या संख्येने कामगारांच्या सेवाशर्तींवर परिणाम होतो ते प्रकरण दोन न्यायमूर्तींपुढे असले तरी राष्ट्रीय महत्त्वाचे मानून दाखवले जावे. दुसरी, केवळ थेट दाखवून भागणार नाही, कारण सकाळी साडेदहाला ट्रॅकमन रुळावर असतो आणि पोस्टमन बीटवर असतो. पूर्ण चित्रण जपून ठेवले जावे आणि संध्याकाळी घरी बसून पाहता यावे. तिसरी, अशा प्रकरणांच्या प्रत्येक सुनावणीचा एका पानाचा गोषवारा भारतीय भाषांत न्यायालयानेच द्यावा, म्हणजे तुकडे फिरवणाऱ्यांचा धंदा आपोआप बसेल. चौथी, हीच सोय कॅटच्या सर्व पीठांत व्हावी, कारण आपले बहुतेक लोक तिथेच जातात आणि बहुतेकांची लढाई तिथेच संपते.

या मागण्या फेडरेशनने ठराव करून योग्य त्या ठिकाणी पाठवाव्यात अशी आमची सूचना आहे.

शाखांनी काय करावे

मागण्या करून आपण हात झटकायचे नाहीत. प्रत्येक शाखेने आपल्या प्रकरणांची एक वही ठेवावी. प्रकरण कोणत्या न्यायालयात, क्रमांक काय, पुढची तारीख कोणती, मागच्या तारखेला काय झाले, वकील कोण हजर होते. न्यायालयाची रोजची यादी आणि झालेले आदेश संकेतस्थळावर येतात. शाखेतल्या एखाद्या तरुण सभासदाने ते पाहून फळ्यावर लिहावे. कामगारांशी संबंधित सुनावणी दाखवली जाईल तेव्हा ती एकट्याने न पाहता ऑफिसात बसून पाहावी आणि इंग्रजी जाणणाऱ्याने ती मराठीत समजावून सांगावी. कापलेले तुकडे पुढे पाठवू नयेत. ज्याने तुकडा पाठवला त्याला पूर्ण सुनावणी विचारावी.

आणि एक गोष्ट आम्ही स्वतःसाठीही लिहून ठेवतो. हा कॅमेरा केवळ न्यायमूर्तींवर आणि सरकारच्या वकिलांवर रोखलेला नाही, तो आमच्यावरही आहे. युनियनने नेमलेला वकील तयारी करून आला की नाही, आम्ही सभासदांना सांगितले ते आणि दालनात मांडले ते एकच होते की नाही, हे सभासद पाहतील आणि विचारतील. विचारू द्या. ज्याची वही साफ आहे त्याला कॅमेऱ्याचे भय कशाला?

आमच्या त्या जुन्या सचिवांची वही साफ होती. ती त्यांना टेबलावर ठेवून सिद्ध करावी लागली, हे आमच्या शाखेचे दुर्दैव. आज ते हयात नाहीत. पुन्हा कुठल्याही शाखेत, चौथी तारीख घेऊन दिल्लीहून परतलेल्या कार्यकर्त्याला स्टेशनबाहेर मान खाली घालून उतरावे लागू नये, एवढ्यासाठी तरी आपण ही मागणी लावून धरली पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!